‘मामा, सेटअप पाठव ना’: मोंझावरचे हरवलेले सेकंद नेमके कुठे असतात

दर रविवारी रात्री साडेदहाच्या सुमारास भाच्याचा मेसेज येतो. "मामा, सेटअप पाठव ना." सेटअप म्हणजे गाडीचे टायर, ब्रेक, स्प्रिंग कसे ठेवायचे त्या आकड्यांची फाईल. मोटार शर्यतीचा गेम अ‍ॅसेटो कॉर्सा कॉम्पेटिझिओने, म्हणजे आपल्या बोलण्यातलं एसीसी. गाडी बीएमडब्ल्यू एम४ जीटी३ (जीटी३ हा शर्यतीच्या गाड्यांचा एक वर्ग), ट्रॅक इटलीतला मोंझा. त्याचा लॅप, म्हणजे एक फेरी, १:५४ चा, माझा १:४८ च्या अलीकडे-पलीकडे. खरे वेगवान लोक १:४७ च्या आसपास फिरतात, तो भाग सोडा. भाच्याच्या मते आमच्यातले सहा सेकंद माझ्या फायलीत दडलेत आणि मामा चिकटपणा करतोय.

दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा एकदाचा निकाल लावला. तीच खुर्ची, तेच स्टिअरिंग. गेममध्ये प्रत्येक गाडीसोबत ‘सेफ’ आणि ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ अशी तयार सेटअप येतात. त्यातलं ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ घेतलं, फक्त टायरची हवा नीट केली आणि दहा लॅप मारले. सगळ्यात चांगला १:४८.९. मग माझं लाडकं सेटअप लावून त्याला बसवलं. त्याचा १:५३.८ आला, आणि दहापैकी चार लॅपमध्ये गाडी गरकन फिरली. माझ्या सेटअपवर मी स्वतः गेलो तर १:४८.३. म्हणजे अर्धा-पाऊण सेकंद फायलीत होता. उरलेले पाच पायात.

म्हणून हा लेख. यात सेटअप आहे, पण बऱ्याच खाली. वरच्या गोष्टी झाल्याशिवाय तिथे उडी मारलीत तर उपयोग होणार नाही. उदाहरणं एसीसीची आणि मोंझाची असली तरी पायाचं काम आयरेसिंग किंवा ग्रॅन टुरिस्मो अशा दुसऱ्या गेममध्ये वेगळं नसतं.

खुर्ची, चपला आणि पडदा

पहिला अर्धा तास बसण्याला द्या. माझ्याकडे सुरुवातीला चाकांची ऑफिसची खुर्ची होती. जोरात ब्रेक दाबला की पेडल जागेवर आणि मीच मागे. प्रत्येक वळणाला पाय वेगळ्या ठिकाणी पोचायचा आणि मी सेटअपमध्ये ब्रेकचे आकडे बदलत बसायचो. उपाय फुकटात झाला: खुर्चीची चाकं जुन्या चपलांमध्ये अडकवली, पेडलचा पाट भिंतीला टेकवला. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इतक्या अंतरावर बसा.

लॉजिटेक जी२९ किंवा तशाच स्टिअरिंगच्या ब्रेक पेडलमध्ये रबराचा ठोकळा असतो, त्यामुळे शेवटचा भाग फार कडक लागतो. गेममध्ये पेडलच्या पट्ट्या दिसतात. पूर्ण जोर लावूनही ब्रेकची पट्टी ८५-९० टक्क्यांवर अडकत असेल, तर तुम्ही आजवर पूर्ण ब्रेक कधी मारलाच नाही. ‘जोरात, पण पन्नास वेळा तसाच मारता येईल’ इतक्या दाबाला १०० टक्के येतील असं कॅलिब्रेशन करा. याउलट थोडं दाबताच पट्टी भरत असेल तर ब्रेक गॅमा ही सेटिंग एकच्या वर न्या, म्हणजे सुरुवातीची हालचाल मऊ होते. कंट्रोलरवर खेळत असाल तर ट्रिगरचं बोट हाच तुमचा पाय. अंगठ्याने स्टिअरिंग टकटक मारणं मात्र सोडावं लागेल.

पडद्याचा प्रश्न अनेकांच्या ध्यानातच येत नाही. गेम किती अंशांचं दृश्य दाखवतो, तो फील्ड ऑफ व्ह्यू, सुरुवातीला बहुधा फार रुंद ठेवलेला असतो. रुंद दृश्यात वेग थरारक वाटतो, पण सगळं लहान आणि लांब दिसतं आणि ब्रेक कुठे मारायचा ते सांगणारी ट्रॅकच्या कडेची पाटी आहे त्यापेक्षा दूर भासते. हिशोब सोपा आहे. २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ३४ सेंटीमीटर उंच असतो. डोळे ७० सेंटीमीटरवर असतील तर खरा कोन आडवा सुमारे ४६ अंश आणि उभा सुमारे २७ अंश निघतो. कुठला गेम उभा कोन मागतो, कुठला आडवा, ते बघून भरा. पहिले दोन दिवस नळीतून बघितल्यासारखं वाटेल, गाडी रेंगाळते आहे असंही वाटेल. पडदा लांब असेल तर एवढा अरुंद कोन सोसत नाही, मग थोडी तडजोड करा आणि जमलं तर मॉनिटरच जवळ ओढा.

फोर्स फीडबॅक, म्हणजे स्टिअरिंग हाताला देतं तो जोर, याबद्दल एकच. स्टिअरिंग जितकं जड तितकं खरं, हा गैरसमज आहे. जी२९ सारख्या चाकाची ताकद दोन न्यूटन-मीटरच्या आसपास. त्यात सगळं पूर्ण वाढवलं की वळणात सिग्नल टोकाला टेकतो आणि तिथेच सपाट होतो. पुढचे टायर घसरायला लागले हे हाताला कळायचं त्याच क्षणी हात बहिरे होतात. लांब वळणात फीडबॅकची पट्टी सतत भरलेली दिसत असेल तर गेन, म्हणजे त्या जोराची पातळी, कमी करा.

वही

एक गाडी, एक ट्रॅक, तीन आठवडे. रोज नवी गाडी घेणाऱ्याला गाडी कळत नाही आणि ट्रॅकही कळत नाही. शाळेची दोनशे पानी वही घ्या, तारीख, हवेचं तापमान आणि सलग दहा लॅपच्या वेळा लिहा. सगळ्यात वेगवान लॅपभोवती गोल काढायचा मोह होईल. तो टाळा आणि सगळ्यात वेगवान व सगळ्यात हळू लॅपमधला फरक लिहा. हा फरक अर्ध्या-पाऊण सेकंदात येत नाही तोवर सेटअपमधला कुठलाही बदल फायद्याचा की तोट्याचा हे तुम्हाला समजूच शकत नाही. गाडीचा मागचा पंख (हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारी पट्टी) एक खिट्टी खाली केल्याने ०.१ सेकंद मिळाला असेल, पण तुमचे लॅप दोन सेकंदांनी वरखाली होत असतील, तर तो ०.१ कुठे शोधणार?

ब्रेक मारणं सोपं, सोडणं अवघड

इथे थोडा वेळ थांबू, कारण भाच्याचे पाच सेकंद मुख्यतः इथेच पडले होते.

एसीसीमध्ये सेटअपच्या इलेक्ट्रॉनिक्स पानावर टेलिमेट्रीचे, म्हणजे पेडल आणि वेगाची नोंद ठेवायचे, लॅप ठरवता येतात. त्या फायली मोटेक आय-टू नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. मी आमचे दोघांचे आलेख एकावर एक ठेवले. भाच्याचा ब्रेकचा आलेख टेबलासारखा होता: हळूहळू वर चढलेला, मग सपाट, मग एकदम खाली. पुढे साधारण सेकंदभर काहीच नाही, ब्रेकही नाही आणि अ‍ॅक्सिलरेटरही नाही. गाडी नुसती वाहत होती. चांगला आलेख कसा हवा? एका बाजूला कोकणकडा आणि दुसऱ्या बाजूला गावात उतरणारी पायवाट. चढ सरळसोट, उतार लांब आणि एकसारखा.

कारण टायरमध्ये आहे. टायरची पकड ठराविक असते आणि ब्रेक व वळण ती वाटून घेतात, इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं. पण ही वाटणी सरळ बेरजेची नाही, वर्तुळाची आहे. पकडीतला ७० टक्के भाग ब्रेकला दिला तर वळणासाठी ३० उरत नाहीत, सुमारे ७१ उरतात: १०० चा वर्ग वजा ७० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. खऱ्या टायरचं वर्तुळ थोडं चपटं असतं, तरी मुद्दा तोच. आधी सरळ रेषेत पूर्ण ब्रेक, मग ब्रेक सोडून वळण, असं दोन तुकड्यांत करणारा माणूस मधल्या फुकटच्या भागाला हातच लावत नाही. वळता वळता ब्रेक सोडत नेणं, ज्याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, ते याचसाठी.

दुसरं कारण वजनाचं. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं वजन पुढच्या टायरवर येतं आणि नाक वळायला तयार असतं. पाय झटक्यात काढला की वजन मागे जातं, पुढचे टायर हलके पडतात आणि गाडी सरळच जाऊ बघते. यालाच भाचा म्हणायचा, "मामा, तुझ्या गाडीला अंडरस्टिअर आहे." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. आता याच्या उलट चूक करून बघा. गाडी पूर्ण वळलेली असतानाही ब्रेक दाबून धरलात तर मागचे टायर हलके राहतात आणि शेपूट सुटते. म्हणजे नाक किती वळायचं हे तुमचा डावा पाय ठरवतो, स्टिअरिंगइतकंच.

करून बघायला मोंझाची दुसरी शिकेन, रोज्जा, उत्तम. डावं-उजवं असं छोटं वळण, आधी कुर्वा ग्रांदे या लांब वळणातून धाव.

पहिले दहा लॅप: नेहमीपेक्षा वीसेक मीटर आधी ब्रेक मारा. वेळेकडे बघू नका. ब्रेक एका दमात वर न्या, आणि स्टिअरिंग वळवायला लागलात की पाय वर यायला लागला पाहिजे. सोडताना तोंडाने मोजा, ‘एक... दोन... तीन’. घरच्यांना वाटेल ते वाटू दे. ‘तीन’ला तुम्ही आतल्या कर्बजवळ (वळणाच्या कडेचा रंगीत उंचवटा) असायला हवं आणि पाय जवळजवळ मोकळा.

पुढचे दहा: ‘तीन’ संपताक्षणी उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, अगदी अलगद. दोन पायांच्या मधला रिकामा वेळ संपवायचा. मोंझावर ब्रेक लागतो अशा मुख्य जागा सहाच: पहिली शिकेन, रोज्जा, दोन लेस्मो, अस्कारी आणि पाराबोलिका. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन दशांश वाहून जात असतील तर बेरीज तुम्हीच करा.

तिसरे दहा: आता कुठे ब्रेकची जागा पुढे सरकवायची, एका वेळी पाच मीटर. आतला कर्ब चुकायला लागला की पाच मीटर मागे.

लोक हा क्रम उलटा करतात. उशिरा ब्रेक मारणं म्हणजेच वेग, असं सगळ्यांना वाटतं. आकडे मांडून बघू. ताशी २६० म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. त्या वेगात दहा मीटर म्हणजे जेमतेम ०.१४ सेकंद. तेवढं उशिरा ब्रेक मारून हातात येतो एखाद-दुसरा दशांश, तेही आतला कर्ब सापडला तर. वळणातून निघताना ताशी ५ किलोमीटर जास्त वेग मिळाला, तर हा फरक सरळ रस्त्यावर हळूहळू मिटत जातो. सरासरी फरक ३ धरू. ताशी २०० ऐवजी २०३ ने एक किलोमीटर कापलात की ०.२७ सेकंद. त्याहून जास्त, आणि धोका कमी.

पण म्हणून ‘हळू आत, वेगात बाहेर’ हे ब्रह्मवाक्य समजू नका. नव्या माणसाला कुंपणापासून वाचवण्यापुरतं ते ठीक आहे. पुढे तेच पायातली बेडी होतं. आतच ताशी दहाने हळू गेलात तर ते दहा बाहेर पडताना परत मिळत नाहीत. आलेखात सगळ्यात कमी वेगाची जागा शोधा. ती कर्बच्या जरा आधी असेल तर बरोबर. फारच आधी असेल तर तुम्ही जास्त ब्रेक मारून वाट बघत बसला आहात.

अ‍ॅक्सिलरेटरचा नियम मी भाच्याला असा सांगितला: तुझा उजवा पाय आणि स्टिअरिंग एका दोरीने बांधलेत. स्टिअरिंग जेवढं सरळ होईल तेवढाच पाय खाली. आणि डोळे बॉनेटवर नकोत. ब्रेक लागला की नजर आतल्या कर्बवर, कर्ब येण्याआधीच नजर बाहेरच्या टोकावर.

मोंझा, वळणांच्या लायकीप्रमाणे

ट्रॅक ५.७९३ किलोमीटरचा. सगळी वळणं सारखी महत्त्वाची नाहीत, म्हणून सरावही सारखा नको.

पहिला मान पाराबोलिकाचा. २०२१ पासून तिचं अधिकृत नाव कुर्वा अल्बोरेतो आहे, ऑनलाइन शर्यतींच्या लॉबीत मात्र कुणाच्या तोंडी ते अजून बसलेलं नाही. तिच्यापुढे किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे, म्हणून तिथे कमावलेला प्रत्येक किलोमीटर सगळीकडे पुरतो. वळण आत शिरताना आवळलेलं आणि पुढे उघडत जाणारं आहे. आतली कड घाईने गाठू नका. थोडी उशिरा गाठा, मग अ‍ॅक्सिलरेटर लवकर उघडता येतो. बाहेरच्या टोकाला पांढरी रेघ ओलांडली की इशारा मिळतो आणि लॅप रद्द होतो, त्यामुळे शेवटचा अर्धा मीटर राखून ठेवा. मुंबईचा जेहान दारूवाला २०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षी याच ट्रॅकवर फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला होता. त्या शर्यतींचे गाडीतले कॅमेरे मिळाले तर त्याचे हात बघा, किती कमी हलतात.

दुसरा मान दुसऱ्या लेस्मोचा, कारण तिथून अस्कारीपर्यंत लांब धाव आहे. पहिल्या लेस्मोत थोडं सोडून द्यावं लागलं तरी चालेल. अस्कारी डावं-उजवं-डावं आहे, त्यातलं पहिलं वळण अधाशीपणाने घेतलंत की पुढची दोन बिघडतात. पहिल्या शिकेनमध्ये ब्रेक १५० आणि १०० मीटरच्या पाट्यांच्या दरम्यान कुठेतरी लागतो. तिथल्या उंच कर्बवर चढलात तर गाडी उडते, म्हणून चढू नका. कुर्वा ग्रांदे पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर जातं. तिथे फक्त स्टिअरिंग कमीत कमी फिरवा, जास्त फिरवलं की टायर खरवडतात आणि वेग पडतो.

टायरची हवा: पहिल्या दिवसापासून हात लावावा असं एकच पान

तयार सेटअपमधली हवा त्या दिवसाच्या तापमानाला जुळलेली नसते. तेवढं दुरुस्त केलं की ‘अ‍ॅग्रेसिव्ह’ सेटअप चांगलं चालतं, हे वरच्या प्रयोगात दिसलंच.

‘हवा कमी तितकी पकड जास्त’ हे मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडे ऐकलेलं शहाणपण इथे चालवू नका. हवा फार कमी असेल तर टायरची भिंत लवते, गाडी उशिरा प्रतिसाद देते आणि टायर आतून तापतो. फार जास्त असेल तर फक्त मधला पट्टा जमिनीला टेकतो. दोन्हीच्या मध्ये एक खिडकी असते. एसीसीत जीटी३ साठी कोरड्या ट्रॅकवर, टायर गरम झाल्यावर, ती साधारण २६ ते २७ पीएसआय. जुन्या व्हिडिओंत २७.५ सांगतात. ते तेव्हा बरोबर होतं, पण २०२३ मध्ये आलेल्या १.९ आवृत्तीत टायरचं गणित बदललं. सल्ला घेण्याआधी त्याची तारीख बघा.

पद्धत अशी. शर्यतीत असणार तेवढंच तापमान आणि इंधन ठेवा. पाच लॅप नेहमीच्या वेगाने मारा, पहिल्या दोन लॅपमधले आकडे विसरा. पाचव्या लॅपला सरळ रस्त्यावर आकडे वाचा. समजा पुढचा डावा २७.६, पुढचा उजवा २७.१, मागचा डावा २७.३, मागचा उजवा २६.८ दिसला आणि तुम्हाला २६.६ हवं आहे. एक खिट्टी म्हणजे ०.१. तर क्रमाने दहा, पाच, सात आणि दोन खिट्ट्या कमी. पुन्हा पाच लॅप, पुन्हा वाचन. डावे टायर जास्त का फुगले? मोंझावर मोठी वळणं उजवीकडची, म्हणून भार डाव्या बाजूवर. चारही टायरमध्ये एकसारखी थंड हवा भरणाऱ्याला हे दिसत नाही.

हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की गरम टायरमधला दाब साधारण ०.१ पीएसआयने वाढतो. सरावाला २२ अंश आणि शर्यतीला २७ असतील तर आधीच पाच खिट्ट्या कमी करून ठेवा.

ऐकीव गोष्टी

"एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद केलं की वेग वाढतो." रस्त्यावरच्या गाड्यांच्या गप्पांतून आलेली ही मर्दुमकी. खऱ्या जीटी३ गाड्यांत या दोन्ही गोष्टी असतात आणि गाडी त्या धरूनच बनवलेली असते. त्या वापरणं म्हणजे फसवणूक नव्हे. बंद केल्यावर ब्रेकला चाक अडकतं, टायर एका जागी घासतो, आणि मागचे टायर निघताना फिरून तापतात, मग दहाव्या लॅपला गाडी बर्फावर असल्यासारखी. हो, ट्रॅक्शन कंट्रोल फार वर ठेवलं तर इंजिन गुदमरतं. ते एकेक आकड्याने खाली आणा आणि सलग दहा लॅपच्या सरासरीवर ठरवा. एबीएस आहे म्हणून शेवटपर्यंत पेडल गच्च दाबून ठेवणं हेही चूक, कारण मग सोडण्याची पायवाटच उरत नाही.

"मोंझा म्हणजे पंख शून्यावर." माझ्याच वहीतलं पान: पंख सगळ्यात खाली, उत्तम लॅप १:४८.२, दहाची सरासरी १:५०.६. पंख दोन खिट्ट्या वर, उत्तम १:४८.४, सरासरी १:४९.१. शर्यत सरासरीवर जिंकतात. सरळ रस्त्यावर मिळालेलं मी लेस्मो आणि अस्कारीत गाडी सांभाळताना गमावत होतो.

"विकतचं सेटअप घे, दोन सेकंद मिळतील." ते बनवणाऱ्याचा पाय कोकणकडा-पायवाट असाच चालतो, त्यामुळे त्याला मागून सैल गाडी आवडते. ती तशीच तुमच्या हातात आली की लेस्मोत फिरते. माझ्या फायलीचंही तेच: दिवाळीत भाच्याच्या हातात गाडी चार वेळा फिरली ती याचमुळे.

"त्याचा ब्रेक बायस ५० आहे, मीही ५० ठेवतो." ब्रेक बायस म्हणजे ब्रेकच्या जोरातला पुढच्या चाकांचा टक्का. गाड्या वेगळ्या असतील तर हा आकडा निरर्थक. पोर्शे ९११ चं इंजिन मागे आहे, मागच्या टायरवर भार जास्त, म्हणून मागचे ब्रेक जास्त काम करू शकतात. इंजिन पुढे असलेल्या बीएमडब्ल्यूला तोच आकडा लावलात तर पहिल्या शिकेनलाच उलटं तोंड.

कडक स्प्रिंग, जमिनीला टेकलेली गाडी: या दोन्हींवर एकच उत्तर. पहिली शिकेन सोडली तर मोंझाला कर्बवरून जावंच लागतं, आणि कडक, बुटकी गाडी कर्बवर उसळते. आणि फॉर्मेशन लॅपला, म्हणजे शर्यतीआधीच्या हळू फेरीत, नागमोडी चालवून टायर तापवणारे तापवतात मुख्यतः शेजाऱ्याचं डोकं. टायरला आतपर्यंत उष्णता मिळते ती ब्रेक आणि भारातून.

आता सेटअप

लॅप अर्ध्या सेकंदात जमायला लागले, हवा जुळली, तरीही एकाच जागी एकच त्रास पुन्हा पुन्हा होतो आहे? मग फाईल उघडा. तक्रार आधी वहीत पूर्ण वाक्यात लिहा. ‘गाडी नीट नाही’ चालणार नाही. ‘दुसऱ्या लेस्मोत ब्रेक सोडल्यावर नाक बाहेर जातं’ चालेल. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

शिरताना, ब्रेकवर असताना नाक वळत नसेल तर ब्रेक बायस अर्ध्या टक्क्याने मागे. शेपूट सुटत असेल तर पुढे. हे शर्यतीतही बटणावर बदलता येतं, म्हणून पहिलं औषध हेच. ब्रेक सोडून अजून अ‍ॅक्सिलरेटर दिलेला नाही अशा मधल्या क्षणी गाडी वळायला नकार देत असेल तर डिफरन्शियलचा प्रीलोड (मागची दोन चाकं एकमेकांना किती जखडलेली ते) कमी करून बघा. त्याच क्षणी ती बिचकत असेल तर वाढवा. हळू वळणांत मध्यावर पुढचं टोक घसरतं, तर पुढचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) मऊ. मागचं घसरतं, तर मागचा मऊ. फक्त वेगवान वळणांत त्रास असेल, उदाहरणार्थ पाराबोलिकाच्या उत्तरार्धात शेपूट हलकी वाटते, तर प्रश्न टायरच्या हवेचा नव्हे, गाडीला खाली दाबणाऱ्या वाऱ्याचा आहे: मागचा पंख एक खिट्टी वर, किंवा मागची उंची थोडी कमी. हळू वळणाचं दुखणं पंखाने बरं होत नाही, हे मला कळायला दोन महिने लागले.

डॅम्परच्या (धक्के शोषणाऱ्या भागाच्या) पानाला मी अजूनही फारसा हात लावत नाही. तुम्हीही पहिले सहा महिने लावू नका.

लॉबीत

लॅनची तार टाका. वायफायवर घरात कुणीतरी मालिका लावली की तुमची गाडी दुसऱ्यांच्या पडद्यावर उड्या मारते. पुण्यातून युरोपच्या सर्व्हरवर मला १५० मिलिसेकंदांच्या आसपास पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) मिळतो. ताशी २०० वर तेवढ्या वेळात गाडी आठ मीटर पुढे जाते. गेम अंदाजाने ती जागा भरून काढतो आणि अंदाज चुकला की न लागलेला धक्का लागतो. म्हणून शेजाऱ्याला रीतसर अर्धी गाडी जास्त जागा द्या.

मोंझाच्या पहिल्या शिकेनला पहिल्या लॅपमध्ये कुणी काही जिंकत नाही. तीस मीटर आधी ब्रेक मारा, थोडं बाहेरून जा, समोरचा ढीग बघा आणि वाट काढा. पाच-सहा जागा आपोआप मिळतात. न धडकता चालवल्याबद्दल गेम देतो ते सेफ्टी रेटिंगही टिकतं.

समोरच्या गाडीच्या मागे चिकटलात की हवेचा अडथळा कमी होतो. १९७१ ची इटालियन ग्रां प्री इथेच झाली. तेव्हा शिकेन नव्हत्या, गाड्या एकमेकींच्या मागे लपत धावल्या. पीटर गेथिन ०.०१ सेकंदाने जिंकला, आणि पहिले पाचही जण ०.६१ सेकंदात आत आले. पुढच्याच वर्षी शिकेन आल्या. पण नवखे एक गोष्ट विसरतात: मागे लपल्यावर तुमचा वेग जास्त आणि पंखावरची हवा कमी, म्हणजे नेहमीच्या पाटीवर ब्रेक मारलात तर गाडी थांबणार नाही. दहा-पंधरा मीटर आधी मारा, आणि थोडं बाजूला सरकून हवा घ्या.

इंधन

सेटअप सेव्ह करताना त्याच्यासोबत इंधनाचा आकडाही सेव्ह होतो. वीस मिनिटांची शर्यत म्हणजे १२०० सेकंद, लॅप १:४९ चा धरला तर अकरा लॅप. वेळ संपल्यावर चालू लॅप पूर्ण करावा लागतो, म्हणून बारा. फॉर्मेशन लॅप धरून तेरा. माझी गाडी मोंझाला लॅपला ३.२ लिटरच्या आसपास पिते. म्हणजे ४२ लिटर, वर एक-दोन राखीव. उगीच ६० भरलंत तर बारा-तेरा किलो फुकट वाहत फिराल.

गेल्या महिन्यात मी क्वालिफाइंगसाठी (सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीसाठी) सहा लिटरची फाईल केली, तिसरा क्रमांक मिळवला, आणि तीच फाईल घेऊन शर्यतीला उभा राहिलो. दुसऱ्या लॅपला अस्कारीच्या आधी इंजिन बंद पडलं. भाचा मागे सतरावा होता. बाजूने जाताना त्याने फक्त हेडलाइट मारले.